जुना फोटो घरीच राहिला

संत्र्याचा बगीचा झाडावरच विकला जातो. फळ बोराएवढं असतं तेव्हाच व्यापारी येतो, ओळीओळीतून फिरतो, मधल्या एखाद्या झाडाखाली बसून वर पाहतो आणि मनात आकडा धरतो. फळ अजून हिरवं, पानात लपलेलं. गळ किती होणार, गारपीट येणार की नाही, कुणालाच ठाऊक नाही. तरी आकडा सांगावा लागतो. मालक हुशार असेल तर दोघातिघांना बोलावून बगीचा दाखवतो. तेव्हा पाळायचा एक नियम आहे, तो मी ठेच खाऊन शिकलो. दुसऱ्या माणसाला पहिल्याचा आकडा सांगायचा नाही. सांगितला की तो झाडाकडे बघतच नाही. पहिल्याच्या आसपास काहीतरी बोलतो, चहा पितो आणि जातो.

मी जन्मभर हेच केलं. वडील कारंजाच्या बाजारात मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकायचे. जुड्या बांधून झाल्या की टोपलं माझ्या डोक्यावर असायचं. पुढे संत्रा तोडणाऱ्या टोळीत गेलो, मग टोळीचा मुकादम झालो, मग स्वतःच बगीचे घ्यायला लागलो. कारंजा, मंगरूळपीर, मानोऱ्याचा बराचसा भाग माझ्या पायाखालून गेला. मला कुणी गादीवर बसवलं नाही. म्हणून कुणी मला वरच्या आवाजात काही सांगितलं की माझं डोकं फिरतं. ते अजूनही फिरतं.

लघवीचा त्रास सुरू झाला तेव्हा मी वयाच्या माथी मारला. कंबर दुखायला लागली तेव्हा ते जीपच्या माथी मारलं. बायकोने मागे लागून अमरावतीच्या डॉक्टरकडे नेलं. माणूस तरुण, कपडे इस्त्रीचे, बोलणं मोजकं. रक्त तपासलं, मग तुकडा काढून तपासला, मग हाडांचा स्कॅन करायला पाठवलं.

त्या स्कॅनला आधी दंडात एक सुई देतात. मग दोन-तीन तास नुसतं बसवून ठेवतात आणि पाणी प्यायला लावतात. औषध हाडांत जाऊन बसतं म्हणे. मग अरुंद फळीवर आडवं करून, एक मोठी सपाट पेटी तोंडाला लागेल इतकी जवळ आणतात आणि ती डोक्यापासून पायापर्यंत हळूहळू सरकत जाते. काही दुखत नाही. मला आपलं वाटत होतं, कुणीतरी माझा बगीचा फिरून राहिलं आहे.

डॉक्टरने पांढऱ्या उजेडाच्या पेटीवर फोटो लावला. माझा सांगाडा, पुढून एक आणि मागून एक. कमरेच्या हाडावर काळे डाग, मणक्यात खाली एक, बरगड्यांवर दोन-तीन. तो म्हणाला, प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हाडांत गेलेला आहे. मुळापासून जाणार नाही, पण दाबून ठेवता येतो. दर तीन महिन्यांनी पोटात एक इंजेक्शन आणि रोजच्या गोळ्या.

मी विचारलं, किती दिवस दाबून राहील? तो म्हणाला, माणसामाणसावर असतं. मी म्हटलं, तरी अंदाज. तो म्हणाला, बघू.

जो माणूस आकडा देत नाही त्याच्याशी व्यवहार कसा करायचा, हे मला कधी जमलं नाही. माझ्या मनातली पहिली अढी तिथेच पडली.

घरी आल्यावर बायकोने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. मग म्हणाली, "नेमकं काय झालं ते एकदा नीट सांगा. देवाजवळ मागाले बसते त काय मागू तेच समजत नाई."

मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि चुलीकडे गेली.

इंजेक्शनने माझं शरीर माझं राहिलं नाही. भर थंडीत अंगातून वाफ निघायची, शर्ट काढून पंख्याखाली बसावं लागायचं. दोन मिनिटांनी हुडहुडी भरायची. जोर गेला, छाती हुळहुळी झाली, आणि बायको-नवऱ्यातली जी गोष्ट असते ती तर दिवा विझल्यासारखी गेली. माझा साळा जीप चालवतो, वर्षानुवर्षं तोच मला बगीच्यांवर नेतो. डॉक्टरने ही वाफ कशाची ते समजावलं तेव्हा तो बाजूलाच होता. परत येताना म्हणाला, "भाऊजी, आता तुमाले बाईच्या जातीची दुखनी समजन. आमची बहीन चार वर्सं पदरानं वारा घेत होती, तवा तुमी म्हनत होते नाटकं करते." मी त्याला जीप थांबवायला लावली आणि उतरून मैलभर पायी चाललो. तो मागून पहिल्या गेअरमध्ये येत राहिला.

हे सगळं मी सोसलं असतं. पण दुसऱ्या महिन्यात कंबर कमी व्हायच्या ऐवजी जास्त दुखायला लागली. बरगडीतही चमक निघायची. मी अमरावतीला गेलो आणि डॉक्टरला म्हटलं, परत फोटो काढा, मला बघायचं आहे काय चाललंय. तो रक्ताचा कागद बघत होता. म्हणाला, "रक्त छान आलंय. कॅन्सरचा आकडा उतरलाय. स्कॅनची आत्ता गरज नाही."

मी म्हटलं, दुखणं वाढलंय.

म्हणाला, "होतं कधीकधी. गोळी लिहून देतो." आणि बेल वाजवली.

रक्तातला आकडा मला दिसत नाही. तो त्यांच्या मशिनीतून निघतो आणि त्यांच्याच कागदावर उमटतो. फोटो मला दिसतो. आमच्यात जो मालक बगीच्यात फिरू देत नाही, त्याच्या झाडावर फळ नाही असंच समजतात. असा मालक नुसतं बाहेरून, शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभं राहून सांगतो, लय बहार आहे, लय बहार आहे. 'गरज नाही' हे दोन शब्द मी घरी आणले आणि रात्रंदिवस चघळले.

मग ठरवलं, दुसरा माणूस बोलावायचा.

नागपूरला एका ठिकाणी स्कॅन होतो असं कळलं. समृद्धीवरून गेलं तर दुपारपर्यंत काम आटोपतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी बायकोने पिशवी भरली. भाकरी, पाण्याची बाटली, माझा शेला आणि वर तो पहिला फोटो, मोठ्या पिवळ्या पाकिटातला. मी पाकीट काढून कपाटावर ठेवलं.

ती म्हणाली, "जुना दाखवला त त्यायले पडताळा होईन ना."

मी म्हटलं, "पडताळा मी करन. त्यायनं फक्त आपल्या डोळ्यानं पाहावं."

ती म्हणाली, "तुमी काय डाक्टर हाय का?"

मी म्हटलं, दोनशे झाडांच्या बगीच्यात गळ किती होईल हे मी पान न हलवता सांगतो. एका सांगाड्यावरचे डाग मला मोजता येत नाहीत का?

ती गप्प बसली. ती गप्प बसली की मला वाटायचं मी जिंकलो.

नागपूरला सुई देण्याआधी एका पोरीने माहिती विचारली. कशासाठी स्कॅन, आधी कधी केला होता का, उपचार चालू आहेत का, इंजेक्शन घेता का. मी सगळ्याला नाही म्हटलं. कंबर दुखते, एवढंच सांगितलं. साळा बाजूला उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिलं. बाहेर बाकड्यावर बसल्यावर म्हणाला, "भाऊजी, खोटं काहून सांगतलं?"

"तुले बगीच्याचं काय समजते? तू गाडी चालव."

"गाडीच चालवतो," तो म्हणाला. "पन आपुन बगीचा पाहाले आलो, का बगीचाच आपुन हाओ?"

मी हसलो नाही. नंतर बऱ्याच दिवसांनी हसू आलं, तेव्हा ऐकायला तो जवळ नव्हता.

फोटो मिळाला. सोबतच्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं. तिथल्या माणसाने मराठीत सांगितलं की हाडांत बऱ्याच ठिकाणी आजार दिसतो, लवकर मोठ्या डॉक्टरला दाखवा. त्याचं काही चुकलं नाही. त्याला मी जेवढं दिलं, तेवढ्यावर तो बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही फोटो खिडकीच्या काचेला लावून धरले. उन्हं समोरून येत होती. जुना डावीकडे, नवा उजवीकडे. मी एकेक जागा पाहत खाली आलो. नव्यात बरगड्यांवर जास्त डाग होते. खांद्याच्या हाडावर एक नवा होता. कमरेवरचे जुने डाग आधीपेक्षा गडद दिसत होते, डांबर ओतल्यासारखे. मी तीनदा पाहिलं. मग बायकोला बोलावून दाखवलं. तिलाही जास्तच दिसले.

संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागला, मुळं सडली, की मरायच्या आधी ते असं फुलतं की नवखा व्यापारी पाहून वेडा होतो. पानं कमी आणि फूलच फूल. मालक म्हणतो, पाहा काय बहार आहे. जाणता माणूस बुंध्याजवळ बसतो, नखाने साल खरवडतो आणि उठून जातो. मला वाटलं, अमरावतीचा माणूस मला फूल दाखवत होता, आणि साल मी खरवडली.

इंजेक्शनची तारीख आली तेव्हा मी नवा फोटो पिशवीत घेऊन गेलो. पण बाहेर काढला नाही. समोरच्याचा आकडा आधी काढून घ्यायचा, आपला शेवटी टाकायचा, ही माझी जन्माची सवय. डॉक्टर रक्ताचा कागद बघून खूश होता. म्हणाला, आकडा आणखी उतरला, औषध मस्त काम करतंय.

मी विचारलं, "म्हंजे हाडावरचे डाग कमी झाले असतीन?"

तो म्हणाला, "कमी होत असणार. चला, इंजेक्शन घेऊन घ्या."

माझ्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत त्याचं खोटं होतं. मी उठलो. त्याला काय बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. बाहेरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले. एवढं आठवतं की मी म्हटलं, सडक्या बगीच्याचा भाव बहारीने लावणारे लय पाहिले. तो उभा राहिला होता, चेहरा पांढरा पडला होता, पुन्हा पुन्हा विचारत होता, काय झालं, काका, झालं काय. मी सांगितलं नाही. इंजेक्शन न घेताच निघालो, आणि फोटो तसाच पिशवीत परत आला.

पुढचे महिने माझे फार चांगले गेले, आणि हेच मला आजही सोसत नाही. हळूहळू वाफा थांबल्या. कंबर दुखायची थांबली. बरगडीतली चमक गेली. मानोऱ्याकडचा एक बगीचा घेतला, चहाच्या टपरीवर बसून चार लोकांना सांगितलं की डॉक्टर कसा लुटत होता आणि मी कसा सुटलो. लोक ऐकत होते. गोळ्यासुद्धा मी बंद केल्या होत्या. बायको अधूनमधून विचारायची, एकदा फक्त दाखवून यायचं का, दुसऱ्या कुणाला तरी. मी म्हणायचो, दुखते का मले? नाई ना? मंग?

हिवाळ्यात त्याच बगीच्यात तोड चालू होती. मी दोन ओळींच्या मधे उभा होतो आणि डावा पाय माझा नसल्यासारखा झाला. दुखलं नाही. नुसता खाली बसलो. तोडणाऱ्या बायांना वाटलं मी फळं वेचायला बसलो. उठता येईना तेव्हा साळ्याला हाक मारली. त्याने मला पाठीवर घेऊन धुऱ्यापर्यंत आणलं, आणि त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही.

कुठे जायचं यावर वाद झाला नाही. बायकोने कपाटावरून पिवळं पाकीट काढलं, नागपूरचा फोटो त्यात घातला आणि जीपमध्ये जाऊन बसली. अमरावतीच्या त्याच डॉक्टरने मला त्याच दिवशी भरती केलं. मागचं काही काढलं नाही. ते त्याचं चांगलं, मी नाकारत नाही. तिसरा स्कॅन झाला.

मग त्याने तिन्ही फोटो ओळीने त्या उजेडाच्या पेटीवर लावले. मी चाकाच्या खुर्चीत, बायको मागे उभी. त्याने आधी नागपूरचा फोटो पाहिला, त्यावरची तारीख पाहिली आणि ती जुन्या रक्ताच्या कागदाशी ताडून पाहिली. मग त्याने बोट ठेवून दाखवलं. ही बरगडी. हा खांदा. म्हणाला, औषध लागू पडलं की पहिले काही महिने हाड स्वतःला भरून काढायला लागतं. भरणाऱ्या हाडातही स्कॅनच्या सुईचं औषध जाऊन बसतं. म्हणून डाग वाढल्यासारखे दिसतात, गडद दिसतात. दुखणंही काही लोकांचं आधी वाढतं. रक्ताचा आकडा उतरत होता, त्यावरून हे डाग बहुतेक बरं होण्याचे होते. दोन-तीन महिने थांबून परत फोटो काढला असता तर कळलं असतं.

"म्हणूनच तेव्हा स्कॅन नको म्हटलं होतं," तो म्हणाला. "इतक्या लवकर काढला की फसवतो."

मी म्हटलं, "हे वाक्य तवा काहून नाई बोलले?"

"तुम्ही फोटो दाखवला असता तर बोललो असतो, काका."

"तुमी बोलले असते त म्या फोटोच काहाडला नसता."

बायको मागून बोलली. आवाज चढवला नाही. "तुमी दोघंबी आपापला आकडा मुठीत धरून बसले," ती म्हणाली. तिसऱ्या फोटोवर मणक्याची पूर्ण ओळ काळी होती. तिथे बोट ठेवून सांगायची गरज नव्हती.

मी विचारलं, मधले महिने इंजेक्शन घेतलं असतं तर? तो म्हणाला, सांगता येत नाही. काहींना ते पाच-सहा वर्षं पुरतं, काहींच्यात वर्षाच्या आत हरतं. तुमचं कसं झालं असतं, ते आता कोणताच फोटो सांगणार नाही.

मी त्याच्यावर रागावलो आहे तो यासाठी. लोक मला म्हणतात, चूक तुझी. साळा म्हणतो, माझा भाऊ म्हणतो, बायको म्हणत नाही पण तिलाही तेच वाटत असेल. मी माझं सगळं इथे मांडलं आहे, काही झाकलं नाही. पण मी आयुष्यभर अडाणी माणसांशी व्यवहार केला, आणि बगीचा घेताना मालकाला नेहमी सांगितलं की बाबा, पुढच्या महिन्यात गळ होणार आहे, खाली फळांचा सडा पडेल, घाबरू नको, झाड जास्तीचं टाकून देतं. एवढं सांगायला किती वेळ लागतो? बेल वाजवायला लागतो तेवढाच. त्याच्याकडे ते वाक्य होतं. त्याला त्याची सवय झाली होती, रोज कुणाकुणाच्या बाबतीत तो ते मनात म्हणत असेल. माझ्यापर्यंत ते आलं नाही.

पाठीला किरणं दिली, आमच्याकडे त्याला लाइट घेणं म्हणतात. पाय परत आला, अर्धा. काठी आली. इंजेक्शन परत सुरू केलं, रक्ताचा आकडा थोडा उतरला आणि मग तिथेच बसला, आणि मग चढायला लागला. आता दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून मोठं औषध देतात. केस गेले, तोंडाची चव गेली. संत्रं तोंडात घातलं तर पितळ चावल्यासारखं लागतं. बगीचे घेणं सोडलं. एक-दोन जुने मालक अजून फोन करतात, नुसतं येऊन पाहून जा म्हणतात. मी जात नाही.

काही सलाइनी झाल्या की स्कॅन असतो. तो आता ते न मागताच काढतात. आता जायच्या आदल्या दिवशी सगळे जुने फोटो मीच काढतो, तारखेप्रमाणे लावतो आणि पाकिटात घालतो. पाकीट जड झालं आहे. तिथली पोरगी विचारते, उपचार चालू आहेत का. मी पहिल्या इंजेक्शनपासून सुरू करतो, तिला थांबवावं लागतं.

डॉक्टरही बदलला आहे, म्हणजे माणूस तोच, पण आता जरा जास्तच बोलतो. प्रत्येक फोटो समजावतो, कोणता डाग कशाचा असू शकतो ते सांगतो. मी ऐकून घेतो. मला ते हवं होतं तेव्हा मिळालं नाही, आता मिळतं तर नको वाटतं.

मागच्या खेपेला त्याने नवा फोटो लावला तेव्हा मी पाहिलाच नाही. जमिनीकडे पाहत बसलो. डागांवरून काय समजायचं यावरचा माझा विश्वास उडाला आहे. वाढले म्हणजे वाढले की भरले, मला ठरवता येत नाही, आणि जे मला ठरवता येत नाही त्याकडे मी पाहत नाही. मी बायकोकडे पाहिलं. माणसाच्या तोंडावरून आकडा काढणं तरी मला येतं. भाव ऐकून पापणी हलते, मान ताठते, माणूस उगाच पदर नाहीतर दुपट्टा सावरतो.

ती फोटोकडे पाहत होती आणि डॉक्टर बोलत होता. बरंच बोलला. मधे एकदा तो थांबला आणि तिने मान हलवली, पुढे सांगा म्हणून. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. एवढी वर्षं माझ्या घरात राहून ती हे शिकली होती आणि मला पत्ता नव्हता. सगळं झाल्यावर तिने फोटो एकेक करून उतरवले, पाकिटात घातले, पाकीट काखेत धरलं आणि माझी काठी माझ्या हातात दिली.

मी विचारलं, "काय म्हनते?"

"चला," ती म्हणाली. "येष्टी निघून जाईन."

साळा खाली जीप घेऊन उभा होता. एसटीने आम्ही आलोच नव्हतो.